उजेडाबाबत एक हरकत

सतरा नंबरचा विषय तिने पुकारला आणि मागच्या रांगेत एक म्हातारा उठून उभा राहिला. नियोजन समितीच्या सभेत कोणी उभं राहत नाही. सभासद खुर्च्यांत रेलून बसलेले असतात, अर्जदारांचे आर्किटेक्ट भिंतीला टेकून मोबाइल बघत असतात, आणि मागच्या तीन रांगा लोकांसाठी राखून ठेवलेल्या असल्या तरी तिथे बहुधा सभासदांचे ड्रायव्हरच डुलक्या काढत असतात. त्यामुळे कोणी उभं राहिलं की नजर जातेच. तिचीही गेली. आधी तिला नुसता सदरा दिसला. फिकट राखाडी, कडक इस्त्रीचा, खांद्याची शिवण नेमकी हाडावर बसलेली. असे सदरे आता कोण शिवतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग सदऱ्यावरचा चेहरा दिसला. ते तिचे वडील होते.

तोंड चालूच होतं. बत्तीस वर्षं हे तोंड विषयपत्रिका वाचत आलं होतं, त्याला आता तिची फारशी गरज उरली नव्हती. मुख्य रस्त्यालगतचा भूखंड एकशे चार, पाच मजली वाहनतळ व तळमजल्यावर दुकाने, मागील बाजूस सोडावयाच्या जागेत सवलत मिळणेबाबत. तोंड हे म्हणत होतं आणि डोकं दुसरीकडेच धावत होतं. आईला काहीतरी झालं, म्हणून बाबा थेट इथे आले, हा पहिला विचार. पण आईला काही झालं असतं तर त्यांनी फोन केला असता. इस्त्रीचा सदरा घालून सोळा विषय ऐकत बसले नसते. दुसरा विचार असा आला, की नंतर आठवून तिचे कान तापले: बाबा आपलं काम बघायला आलेत. लेकीला एकदा व्यासपीठावर बसलेली बघावी म्हणून. क्षणभर तिने पाठही ताठ केली. मग त्यांच्या हातातलं पिवळं कार्ड दिसलं. हे कार्ड तिच्याच खात्याच्या आवक विभागातून जायचं, हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला. ‘आपल्या हरकतीचा विषय समितीपुढे येत असून आपण उपस्थित राहू शकता.’ मजकूर तिचाच होता, वर्षभरापूर्वी तिनेच लिहून दिलेला. आणि नेमक्या त्याच वेळी डोळा पुढच्या ओळीवर पोचला होता आणि तोंडाने ती वाचून टाकली. ‘हरकती, एक. उजेडाबाबत. वैयक्तिक स्वरूपाची. नियोजनाशी संबंध नाही.’

समितीचे अध्यक्ष लोखंडी सामानाचे व्यापारी होते, मनाने वाईट नव्हते. त्यांनी चष्म्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाले, “बसा आजोबा. तुमचा विषय आला की उभे राहा.” मग सवयीने, कागदावरची नजर न काढता, कोणाला काही, असं विचारलं आणि सवयीनेच कोणी काही बोललं नाही. मंजूर. चाळीस सेकंदं लागली असतील. बाबा अजून उभेच होते. आपलाच विषय चालू आहे हे सांगावं की नाही, सांगायचं तर कोणाला, हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी उभ्याने गिऱ्हाइकांची मापं घेतली होती. कोणापुढे उभं राहून बोलण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. तिने ‘अठरा’ म्हटलं तेव्हा ते पुढच्या खुर्चीची पाठ धरून हळूहळू खाली बसले.

ऑफिसात तिला कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि ते नाव तिला मनातून आवडायचं. लोक हरकती लिहितात म्हणजे काय लिहितात, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. शेजारी दुकान होणार म्हणून सहा पानं, त्यात पहिली चार पानं शेजाऱ्याच्या आजोबांनी कोणत्या साली कुंपण कसं सरकवलं यावर. एकाने हॉटेलच्या परवान्याविरुद्ध लिहिताना बायको सोडून गेल्याचं सगळं लिहिलं होतं, शेवटच्या ओळीत फक्त हॉटेलचं नाव. सभासद यातलं काही वाचत नाहीत, वाचावं अशी अपेक्षाही नसते. त्यांच्यापुढे एक ओळ जाते. ती ओळ काढायचं काम तिचं. नऊ पानं घ्यायची, त्यातलं रडगाणं काढायचं, शिव्या काढायच्या, आठवणी काढायच्या, आणि जे उरेल त्याला नियमांतलं नाव द्यायचं. आवाज. वाहतूक. उजेड. सांडपाणी. काहीच उरलं नाही, किंवा उरलेलं एकाच घरापुरतं असलं, तर ‘वैयक्तिक स्वरूपाची’. हे काम तिच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. नवीन आलेले कारकून एका हरकतीच्या चार ओळी करत आणि अध्यक्ष वैतागत. तिची ओळ कधी दुसऱ्या ओळीत गेली नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि तिच्यानंतर हे कोण करणार, हा प्रश्न साहेब दर महिन्याला तिच्यासमोर काढत, म्हणजे तिला बरं वाटावं म्हणून.

नावं झाकायची पद्धतही तिचीच. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने हरकत घेणाऱ्या बाईला घरी फोन करून दमात घेतलं, बाईने पेपरात दिलं, आणि पालिकेची पार अब्रू गेली. तेव्हा तिने साहेबांना सुचवलं की हरकत आली की आवक विभागानेच ती टाइप करून घ्यावी, वरचं नाव, पत्ता, खालची सही सगळं वगळावं, आणि पुढे नुसता क्रमांक जावा. म्हणजे टिपणी लिहिणाऱ्यालाही कळणार नाही की माणूस कोण. वशिला नाही, आकस नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती. त्या दिवशी घरी जाताना तिला आपण काहीतरी स्वच्छ केलं असं वाटलं होतं.

अठरा, एकोणीस, वीस. ती वाचत होती आणि आत ते पत्र उलगडत होतं. टाइप केलेलं दीड पान, तीन आठवड्यांपूर्वी, बुधवारी. तिला ते आठवत होतं, कारण चहाच्या वेळी आवक विभागातल्या बाईला तिने त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं होतं. दोघी हसल्या होत्या. कोण लिहितं गं असं, ती बाई म्हणाली होती, कवी असणार कोणीतरी. ‘ही इमारत उभी राहिल्यावर आमच्या खोलीत दुपारी बारा वाजताही काळा दोरा आणि निळा दोरा वेगळा ओळखू येणार नाही.’ हे ते वाक्य. आता मागच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या माणसाकडे बघताना ते वाक्य तिला त्या माणसाच्या आवाजात ऐकू आलं, आणि नुसतं आताच नाही, आठव्या-नवव्या वर्षापासून ऐकू आलं. तेव्हा बाबा तिला खिडकीत बसवून दोन रिळं हातात द्यायचे. कुठला काळा, कुठला निळा? चुकलीस की गिऱ्हाइकाची पँट चुकली. संध्याकाळ झाली की ते मशीन बंद करत, कितीही घाईचं काम असलं तरी. दिव्याखाली काळा आणि निळा एकच, म्हणत, दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे त्यांनी तिला शंभर वेळा सांगितलं असेल. ती वैतागून त्यांची नक्कलसुद्धा करायची. आणि तेच वाक्य टाइप होऊन समोर आलं तेव्हा ती हसली होती आणि त्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली होती.

आणखी काय होतं त्या पत्रात? तिला आठवायचं नव्हतं आणि एकेक ओळ येतच होती, ती नीट वाचायची म्हणूनच येत होती. ‘माझी पत्नी आता माणसं ओळखत नाही.’ पुढे काहीतरी वयाचं, औषधांचं. ‘मात्र सकाळी नऊ ते साडेचार ती मागच्या खिडकीत बसून बटणं निवडते. आम्ही दोघांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, काज-बटणं तिची असत. आता तिला तेवढं एकच काम येतं आणि ते उजेड असेपर्यंतच येतं. उजेड गेला की ती घाबरते.’ आणि शेवटी, जणू कोणी विचारलंच होतं, ‘आम्हाला मुलगी आहे, ती नोकरीत असते, तिला या कामी त्रास देत नाही.’ हे वाक्य वाचून, तिला आता स्पष्ट आठवलं, तिच्या मनात त्या अनोळखी मुलीविषयी किंचित राग आला होता. आईबाप असे पडलेत आणि ही नोकरीत असते. मग तिने तेही खोडलं होतं, कारण नियोजनाशी त्याचा खरोखरच काही संबंध नव्हता.

ओळखलं कसं नाही? पत्ता झाकलेला होता, ठीक. अर्ज मुख्य रस्त्याचा होता आणि आईबाबांची इमारत मागच्या गल्लीत. चार वर्षांपूर्वी आईला जिने चढवेनात म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या तेव्हापासून ती गल्लीकडूनच ये-जा करत आली होती, एकशे चार त्यांच्या पाठीला लागतो हे तिला नकाशा उलगडल्याशिवाय कळणार नव्हतं. हेही ठीक. महिन्याला चाळीस विषय असतात. सगळं ठीक. पण आई खिडकीत बसते हे तिला माहीत नव्हतं. ते एवढंच होतं आणि त्याला कुठलंच ठीक लागू पडत नव्हतं. ती दर रविवारी जायची, आणि मध्ये जमलं तर एखाद्या दिवशी ऑफिस सुटल्यावर. संध्याकाळी सहा, साडेसहा. तेव्हा मागच्या खोलीचा पडदा ओढलेला असे. आई पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असे आणि तिला बघून विचारी, कोण तुम्ही, कशाला आलात, आणि मग रडायला लागे, कधी ओरडे. एकदा तिने पेला फेकून मारला होता. बाबा म्हणत, तू दुपारची ये गं कधी, दुपारी ती बरी असते. दुपारी ऑफिस असतं बाबा, ती म्हणायची. ते खरंच होतं, रविवार सोडला तर; आणि रविवारी ती घरचं आवरून संध्याकाळीच निघायची. आई अशी संध्याकाळची आई होऊन तिच्या डोक्यात बसली होती, आणि पत्रातली बाई दुपारची होती. तिची ओळख पटायला तिला कधीतरी बघितलेलं असायला हवं होतं.

आणि मागचा रविवार. हा आठवला तेव्हा ती एकविसाव्या विषयाचा क्षेत्रफळाचा आकडा चुकली आणि तिला तो पुन्हा वाचावा लागला. रविवारी बाबा तिला दारापर्यंत सोडायला आले होते आणि सहज विचारावं तसं विचारलं होतं, ते लोक हरकती देतात ना तुमच्याकडे, त्या वाचतं का गं कोणी? ती चपला घालत होती. कंटाळली होती, आई त्या दिवशी फार रडली होती. मीच वाचते ना, ती म्हणाली, ओळ न् ओळ वाचते. बाबांचा चेहरा खुलला होता. तिला वाटलं, लेकीच्या कामाचं कौतुक. बरं झालं मग, एवढंच म्हणून त्यांनी दार लावलं होतं. म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं की पत्र तिच्या हातात पडणार, तरी नाव घेतलं नाही, गळ घातली नाही. नियमाने आलेलं नियमाने वाचलं जाईल, असा त्यांचा हिशेब. आज ते सकाळी सदऱ्याला इस्त्री करून, आईला शेजारणीकडे सोपवून, पिवळं कार्ड खिशात घालून आले होते ते हे ऐकायला, की लेकीने वाचून काय ठरवलं.

खरं म्हणजे अजूनही वेळ होता. अध्यक्ष ‘सभा संपली’ म्हणेपर्यंत कुठलाही विषय परत घेता येतो आणि तो परत घ्यायचा अधिकार कोणाला असेल तर तो तिला. कागद अपुरे आहेत, पुढच्या सभेत ठेवावा, एवढंच म्हणायचं. या वाक्याला सभागृहात कोणी विरोध करत नसे, कारण ते सगळ्यांच्याच उपयोगाचं होतं. आज सकाळीच नऊ नंबरला, एका हॉटेलला रात्री उशिरापर्यंत गाणी वाजवायचा परवाना द्यायचा होता, तेव्हा एका सभासदाने चष्मा काढून पुसायला घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढला म्हणजे विषय लांबणीवर टाकायचा, हे ठरलेलं. अर्जदार त्यांना अजून भेटून गेला नव्हता एवढाच अर्थ. आणि ती म्हणाली होती, कागद अपुरे आहेत. कागद पुरे होते. बत्तीस वर्षांत तिने हे वाक्य किती चष्म्यांसाठी म्हटलं असेल, आणि आता ते स्वतःसाठी म्हणायचं तर जमत नव्हतं. कारण हे म्हणताना दुसरंही एक सांगावं लागलं असतं. नातेवाइकाचा विषय असेल तर तसं सांगून उठून बाहेर जायचं, हा नियम. तिने तो इतरांना वाचून दाखवला होता, त्याच्या सह्या घेतल्या होत्या. मग अध्यक्षांनी विचारलं असतं, बाई, तुमच्या वडिलांची हरकत, आणि टिपणी तुमची? तुम्हाला कळलं नाही? तेवढं एक वाक्य तिला सगळ्यांसमोर ऐकायचं नव्हतं. चौदा विषय उरले होते. तेरा. प्रत्येक विषयाला तिला वाटत होतं, हा झाला की बोलू. बावीस नंबरला बाबा उठले, खुर्च्यांमधून वाट काढताना एका ड्रायव्हरचा पाय ओलांडला, दाराशी थांबून कार्ड नीट घडी करून खिशात ठेवलं आणि गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची शिसारी आली, आणि तरी सुटल्यासारखं वाटायचं थांबलं नाही. बारा वाजता अध्यक्ष म्हणाले, सभा संपली, छान, आज लवकर आटोपलं.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी मान वर करून पाहिलं, तब्येत बरी आहे ना, विचारलं, कारण ती कधी रजा घेत नसे. मुख्य रस्त्याने ती चालत गेली आणि एकशे चार नंबरपाशी थांबली. पत्र्याचं कुंपण, आत वाढलेलं गवत, एक मोडकी हातगाडी. कुंपणाच्या फटीतून पलीकडे तिला एक इमारत पाठमोरी दिसली, ओघळ उतरलेल्या भिंती, पाइप, वाळत घातलेली चादर, आणि तळाशी एक उघडी खिडकी. खिडकीत कोणीतरी बसलं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण हात दिसत होते, आणि ते हलत होते. नकाशावर ही सगळी एक तुटक रेघ होती. मागील बाजूस सोडावयाची जागा, तीन मीटरऐवजी दीड मीटर. ती रेघ तिने पाहिली होती, तपासली होती, बरोबर होती. ती पत्र्याला हात लावून उभी राहिली, पत्रा उन्हाने तापलेला होता, हात काढून घ्यावा लागला.

दार बाबांनीच उघडलं. सदरा अजून तोच होता. ये, म्हणाले, जेवलीस का, आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवायला गेले. ती मागच्या खोलीच्या दारात थांबली. ही खोली तिने या वेळी कधी पाहिली नव्हती. ती मोठी वाटत होती, भिंतींचा रंग पिवळा होता. तिला इतकी वर्षं तो मळकट करडा वाटत आला होता. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर ताटली, ताटलीत बटणं. ती एक बटण उचले, खिडकीकडे धरी, आणि दोन वाट्यांपैकी एकीत टाकी. घाई नाही, चूक नाही. तिने जवळ जाऊन वाट्यांत पाहिलं. एकीत काळी, एकीत गडद निळी, हातात घेऊन बघितल्याशिवाय तिला तिच्या धड डोळ्यांनीही फरक कळला नाही. आईने मान वर केली. ती नकळत मागे सरली, पेला आठवून. पण आई नुसती हसली, कोणीही शेजारीण आली तर हसावं तशी, आणि म्हणाली, “बस ना. उभी का?” आणि खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली, स्वतःच्या अंगावर येणारा उजेड तिलाही मिळावा म्हणून. ती बसली. आईच्या अंगाला साबणाचा वास होता. तिची बोटं हलत होती, त्यांच्यावरची शीर न् शीर दिसत होती, आणि हीच ती हातांची जोडी होती जिने शाळेच्या सगळ्या गणवेशांना बटणं लावली होती, हे या उजेडात सांगावं लागत नव्हतं. चार वर्षं ती ज्या बाईला भेटायला येत होती ती ही नव्हतीच. ती बाई दिव्याखालची होती.

बाबा चहा घेऊन आले. तिघांत दोनच कप; आईला दिवसा चहा चालत नाही, म्हणाले, रात्री झोपत नाही मग. ते पलंगावर बसले.

“वाचतेस छान,” ते म्हणाले. “मागपर्यंत आवाज येत होता.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर तिला उत्तर देता आलं असतं. बाबांना टोमणे मारता येत नसत, गिऱ्हाइकाने कापड कमी आणलं तरी ते एवढंच म्हणत की बाही जरा आखूड होईल. तिने मग ऑफिसच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, कारण तीच तोंडात होती. निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. ते दुसऱ्याच कार्यालयाकडे जातं, आमच्याकडे नाही. स्थळपाहणी मागायची. अधिकारी येऊन प्रत्यक्ष खोली बघतात, आईला बघतील. दीड मीटरची सवलत अशी सहज देता येत नाही, नियमात बसवायला त्यांना जड जाईल. बोलता बोलता तिला खरंच वाटायला लागलं की हे होईल. बाबा ऐकत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. अपिलाचाच छापील फॉर्म होता तो, सभागृहातून निघताना खालच्या खिडकीवर मागून आणलेला. त्यांनी नाव आणि पत्ता भरलाही होता, त्यांच्या त्या माप लिहिण्याच्या सुटसुटीत अक्षरात. म्हणजे न बोलता, न वळून बघता गेले होते ते हे आणायला.

“हे भरायला बसणारच होतो,” ते म्हणाले. “एकच विचारायचं होतं तुला. खिडकीवर म्हणाले, नावं झाकूनच पुढे पाठवतात. ते पत्र माझं आहे हे तुला कळलं होतं का?”

आईने एक बटण उचललं आणि उजेडाकडे धरलं. तिने बाबांकडे पाहिलं. नाही म्हटलं तर त्याच्या पुढे सगळं ओघाने येणार होतं: दोरा, बटणं, नोकरीतली मुलगी, चार वर्षं ओढलेला पडदा. आवक विभागातलं ते हसणं त्यांना सांगावं लागलं नसतं, पण ते त्यात असणारच होतं. नाही म्हणजे, तुमचं वाक्य माझ्यासमोर आलं आणि ते कोणाचं ते मला कळलं नाही. आणि हो म्हटलं तर निदान एवढं तरी, की ती कठोर होती. कठोर असण्यात एक प्रकारची अब्रू होती. तिला वाटलं, वडिलांच्या नजरेत वाईट ठरायचंच तर असं ठरावं.

“हो,” ती म्हणाली. “पहिल्याच ओळीला.”

बाबांचे खांदे खाली आले आणि चेहऱ्यावर, आज पहिल्यांदाच, थोडं समाधान दिसलं.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “येताना रस्ताभर मला तीच भीती. मला वाटलं, तुला कळलंच नाही.” त्यांनी फॉर्म मांडीवर ठेवला, मधोमध घडी घातली, अंगठ्याच्या नखाने ती दाबली. “मग हे नको करूया. कोणीतरी न बघता खोडलंय असं मला वाटलं होतं, म्हणून आणला. तू आईचं सगळं माहीत असून ठरवलंस म्हणजे तसंच असणार. तुझ्यापेक्षा मला काय जास्त कळतं.”

तिने तोंड उघडलं. शेजारी आईने निळ्या वाटीत एक बटण टाकलं. बाबा उठले, कागद पलंगाच्या गादीखाली सरकवला आणि बांधकाम कधी सुरू होईल, असं विचारलं. तिने सांगितलं, पावसाळ्यानंतर.